चौकातले आणि किनाऱ्यावरचे

गेल्या आठवड्यात बारामतीच्या जळोचीतल्या निम्म्या मोबाइलांचं स्टेटस निळं झालं होतं. निळं पाणी, निळं आकाश, आणि मधोमध एका ओळीत आपल्या आळीतल्या काकू, वहिनी, मावश्या, आक्का. सगळ्यांचे हात वर. भिशीच्या बायका अंदमानला गेल्या होत्या.

कट्ट्याने दखल घेतली. दखल घेणं हाच कट्ट्याचा मुख्य व्यवसाय. "एवढ्या लांब गेल्या, आन् बघितलं काय? मोबाइल," एक आण्णा म्हणाले. "फोटू काढायलाच गेल्यात," दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं. तिसऱ्यांनी सहलीच्या खर्चाला फोटोंच्या संख्येने भागलं आणि एक फोटो केवढ्याला पडला ते जाहीर केलं. हा भागाकार चालू असताना आण्णांच्या डोक्यावर, विजेच्या खांबाला, त्यांचा स्वतःचा फोटो लटकत होता. वाढदिवसाचा. वाढदिवस होऊन महिना उलटला होता.

फोटोसाठी घर सोडून जाणं ही काही बायकांनी शोधून काढलेली गोष्ट नाही. भिगवण इथून फार लांब नाही. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं, फुगवट्यात गावं गेली, आणि त्या पाण्यावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले. त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईचे लेन्सवाले उतरले. हातभर लांब नळकांडं, अंगात झाडपाल्याच्या नक्षीचं जाकीट, उजाडायच्या आत कुंभारगावच्या मच्छीमाराची होडी. मग अख्खी सकाळ चिखलाच्या कडेने, गुलाबी पक्षी एका ओळीत कधी उभे राहतात याची वाट बघत. याला छंद म्हणतात. निसर्गप्रेम म्हणतात. त्याचं प्रदर्शन भरतं, उद्घाटनाला पाहुणे येतात, समई लागते. गुलाबी साड्यांतल्या बायका पाण्यात एका ओळीत उभ्या राहिल्या की तो मात्र फोटोचा सोस.

पक्ष्यांना निदान कुणी खर्च विचारत नाही.

बायकांनी बायकांबरोबर जायचं, हेही जुनंच. अष्टविनायक, अक्कलकोट, पंढरपूर. आमच्याकडे तर मोरगावचा गणपती तालुक्यातच, आणि तुकोबांची पालखी दरवर्षी गावावरून जाते. बाई तिथे निघाली तर कुणी ‘कशाला’ म्हणून विचारत नाही, कारण फोटोत मध्यभागी देव असतो. देव वजा करून सहल काढायची, हे धाडस नंतरचं. वीणा पाटील यांनी 2006 च्या सुमारास केसरी टूर्समध्ये ‘माय फेअर लेडी’ या नावाने फक्त बायकांच्या सहली सुरू केल्या. 2013 मध्ये त्यांनी वीणा वर्ल्ड काढली आणि ‘वुमन्स स्पेशल’ हे प्रकरण दादर-ठाण्याहून निघून तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. आता प्रत्येक सहलवाल्याकडे ते असतं. आणि नसलं तरी भिशी असतेच. दर महिन्याला वर्गणी, चिठ्ठी, उचल. आमच्या आळीतल्या उचलीतून आधी मिक्सर आले, मग फ्रीज, मग पोरांच्या फिया, मग पोरांच्या पोरांची बारशी. यंदा पहिल्यांदाच पैसा घरात न येता घराबाहेर गेला. कट्ट्याला खुपलं ते हे. फोटो हे निमित्त.

रोजचा रंग ठरलेला होता. पहिल्या दिवशी पांढरा, मग निळा, मग पिवळा; शेवटच्या संध्याकाळी ‘वेस्टर्न’, म्हणजे लेकीच्या कपाटातलं. याचीही टिंगल झाली. वास्तविक नवरात्राचे नऊ रंग देवीने नव्हे, वीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मराठी दैनिकाने चालू केले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बायकांचा एका रंगात एकत्र उभं राहण्याचा सराव पोलीस कवायतीच्या वर गेला आहे. पण त्याच्याही फार आधीचा एक फोटो आहे. मराठी बाईचा परदेशातला सगळ्यात प्रसिद्ध ग्रुप फोटो. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज. तिघी जणी: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली. आनंदीबाई साडीत, ओकामीबाई किमोनोत, इस्लामबूलीबाई त्यांच्याकडच्या पोशाखात. प्रत्येकीने आपापल्या देशाचा वेष करायचा, असा तो रीतसर ड्रेसकोड. तिघी तिथे डॉक्टर व्हायला गेल्या होत्या, आणि डॉक्टर झाल्याही. ‘शिकायला गेल्या की फोटो काढायला’ असं तेव्हा कुणी म्हटलंही असेल. म्हणणारा कोण होता ते आता शोधून सापडणार नाही. फोटो सापडतो.

असो. कामाकडे येऊ. अंदमानात फोटो काढणं हे दिसतं तेवढं सोपं नाही, आणि त्याचं कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे.

देशाचं घड्याळ एक. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं. बारामती त्याच्या पश्चिमेला, अंदमान पूर्वेला, दोघांत सुमारे अठरा अंश. अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाच्या आतबाहेरचा फरक. म्हणजे हिवाळ्यात हॅवलॉक बेटावर सूर्य पाचच्या सुमारास बुडतो. (हॅवलॉकचं नाव 2018 च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं. तिकिटावर एक नाव, पाटीवर दुसरं, आणि आमच्या बायकांच्या कॅप्शनमध्ये ‘हवालॉक’.) आता संध्याकाळचे पाच म्हणजे जळोचीत दुसऱ्या चहाचं आधण. त्या हिशेबाने पहिल्या दिवशी सगळ्या निवांत चहाला बसल्या, चेहऱ्याला पावडर लावून साडेपाचला किनाऱ्यावर पोचल्या, आणि काळ्या पाण्यावर काळा अंधार बघून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजताच राधानगर. ‘टाइम’ने 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवलेला हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सूर्यास्त मागे घेऊन उभं राहिलं की मोबाइल आकाशावर भाळतो आणि माणसांना विसरतो. फोटोत येतात त्या नुसत्या सावल्या. कोण कुठली हे अंबाड्यावरून आणि कमरेवर हात ठेवायच्या तऱ्हेवरून ओळखायचं. सूर्याकडे तोंड करावं, तर सगळ्यांचे डोळे बारीक. भर दुपारी पांढरी वाळू खालून भाजते, सूर्य वरून, आणि पन्नाशीच्या डोळ्यांखाली जे असतं ते दुप्पट दिसतं. चेहरा धड दिसावा असा उजेड त्या बेटावर सकाळी तासभर असतो. तो तास केस वाळवण्यात जातो.

ग्रुप फोटोत कडेला उभं राहायचं नसतं. वाइड लेन्स कडेच्या माणसाला ताणते. दंड मांडीएवढा येतो. हे शास्त्र भिशीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून तिथे एकमेकींना जो आग्रह होतो, ‘तू ये ना इकडं, तुझी साडी छान दिसंल’, त्यातली ‘इकडं’ नेहमी कड असते. लग्नाच्या पंगतीत आग्रह करून वाढलेली जिलेबी आणि हा आग्रह, दोन्ही सारख्याच नजरेने घ्यावेत.

शिवाय तो एकच फोटो प्रत्येकीला स्वतःच्याच मोबाइलवर हवा असतो. ‘मी पाठवते की गं’ या वाक्यावर मराठी बायकांचा आता विश्वास राहिलेला नाही. म्हणून टूर मॅनेजर नावाचा एक पंचविशीतला पोरगा वाळूत उकिडवा बसतो आणि त्याच्या पायाशी मोबाइलांचा ढीग असतो. एक उचलायचा, ‘मॅडम, स्माइल’, ठेवायचा, पुढचा उचलायचा. तोच समुद्र, त्याच बायका, ढीग संपेपर्यंत. पहिल्या मोबाइलमधलं हसू खरं असतं. मधल्या मोबाइलांत नुसते दात असतात. शेवटच्यात एकीला सून आठवलेली असते.

एलिफंट बीचला पाण्याखालचे फोटो. तोंडाला नळी, डोळ्यांना काच, गाल चेपलेले, भोवती मासे. स्कूबात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ होत नाही, ‘मला वर न्या’ असा होतो. हे आधी सांगतात, पण कॅमेरा समोर आल्यावर कुणाच्या लक्षात राहतं? एका काकूंनी फोटोसाठी झकास अंगठा दाखवला आणि त्या बिचाऱ्या पाणबुड्याने त्यांना तत्काळ वर आणलं. पैसे मात्र पुऱ्या बुडीचे गेले. पाण्याखालच्या फोटोचा एक फायदा असा, की त्यात कोण आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. तो निर्धास्त स्टेटसला लागतो, सासऱ्यांसकट सगळ्यांना.

इथे आपण खऱ्या विषयापाशी आलो. कारण फोटोचं कसब काढण्यात नसतं, दाखवण्यात असतं.

प्रत्येक बाई तिथे तीन अल्बम घेऊन हिंडत होती. पहिला जगासाठी: साडीतला, देवळातला, सेल्युलर जेलमधला. दुसरा भिशीच्या ग्रुपसाठी. तिसरा फक्त स्वतःच्या मोबाइलसाठी, तोही लेकीने शिकवलेल्या लपवायच्या फोल्डरात. आणि स्टेटसच्या सेटिंगमध्ये ‘यांना वगळून’ असा एक पर्याय असतो, त्यावर या सगळ्याचा तोल. सासरे वगळा. थोरले दीर वगळा. चुलत सासूबाई, मुलाच्या सासरची मंडळी, शाळेतले हेडसर, पतसंस्थेचे चेअरमन, आणि सगळं बघून काहीच न बघितल्यासारखं करणाऱ्या जाऊबाई. बाई पन्नाशी उलटलेली. दोन मुलांची लग्नं लावलेली, गोठ्याचं कर्ज काढून फेडलेलं, सासूचं दुखणं काढलेलं. आणि पोटरीपर्यंतची पॅन्ट घातली म्हणून बोटीत, हेलकाव्यात, उलटी दाबत, बोटाने एकेक नाव वगळत बसलेली. एक नाव राहून गेलं की पुढची दिवाळी गेली. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं. स्क्रीनशॉट पुसला जात नाही. आणि आमच्या भागात स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांची टोळी कारखान्याच्या ऊसतोड टोळीपेक्षा मोठी असावी.

माझं नावही काही याद्यांत असणार. मला फक्त सेल्युलर जेल दिसलं.

तर सेल्युलर जेल. 1906 मध्ये बांधून पुरं झालं, सात पाकळ्या होत्या, आता तीन उरल्या आहेत. सावरकर इथे 1911 ते 1921. मराठी माणूस त्या कोठडीत जातोच, आणि गेला की समुद्राला उद्देशून लिहिलेलं त्यांचं ते गाणं म्हणतोच. गाणं अंदमानातलं नाही, 1909 मधलं, इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावरचं. पण त्या भिंतींत म्हटलं की घसा खरंच दाटतो, त्यामुळे कुणी तपशील काढत बसत नाही. मग फाशीघर. तिथेही फोटो. दोराखाली उभं राहून हसावं की हसू नये, याचा निर्णय मनाने घ्यायच्या आत गालांनी घेतलेला असतो. इथे मी बायकांची बाजू घेणार नाही. वाईट दिसतं. पुरुषांचे तिथले फोटोही मी पाहिले आहेत. ते हसत नाहीत, गॉगल लावतात.

एक गोष्ट गाइडच्या भाषणात सहसा नसते. बायकांचे गट या बेटावर पूर्वीही येत. 1858 मध्ये इंग्रजांनी इथे कैद्यांची वसाहत मांडली, आणि पुढे जन्मठेपेच्या बायकांनाही इकडे धाडू लागले. पोर्ट ब्लेअरला साउथ पॉइंटपाशी त्यांच्यासाठी वेगळा तुरुंग होता. काही वर्षं शिक्षा भोगली की लग्नाची मुभा मिळे. ज्याची वागणूक सरकारला पसंत अशा पुरुष कैद्याने यायचं आणि बाई पसंत करायची. मुलगी बघायचा कार्यक्रमच, फक्त सरकारी खर्चाने. आजच्या बायका त्याच अंगाने पुढे कॉर्बिन्स कोव्हला जातात, नारळपाणी पितात आणि पुऱ्या संध्याकाळभर एकमेकींना पसंत करतात.

आणि एक जागा अशी, जिथे फोटो काढला तर कायदा लागतो. बाराटांग बेटाला जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून आहे. वाहनांचा तांडा करून सोडतात. मधे थांबायचं नाही, जारवांना काही द्यायचं नाही, फोटो तर नाहीच. 2012 मध्ये पर्यटकांपुढे जारवा बायकांना खाऊसाठी नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली होती आणि जगभर छी-थू झाली होती. आमच्या बायकांनी मोबाइल पर्समध्ये टाकले. "आपल्यालाबी कुणी न इचारता काढलेला आवडतोय व्हय?" असं एक आक्का म्हणाल्या. हे कट्ट्यावर कुणी सांगितलं नाही. तिथे फक्त हात वर केलेला फोटो फिरत होता.

आता चौकात या.

जळोची नुसतं गाव होतं तेव्हा पार होता. नगरपरिषदेच्या हद्दीत आलं, प्लॉट पडले, चौक झाले. चौक झाले की फ्लेक्स येतो. आमच्या चौकात उभं राहिलं की आकाश दिसत नाही, कार्यकर्ते दिसतात. वरच्या पट्टीत वजनाप्रमाणे नेते. मधे उत्सवमूर्ती: पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल, आणि हात जोडलेले. मोबाइल कानाला असताना दोन्ही हात कसे जोडतात हे मला आजवर उलगडलेलं नाही, पण एक फ्लेक्स असा होता खरा. बहुधा एक फोटो दुसऱ्यावर चिकटवला होता. खाली शुभेच्छुकांच्या रांगा, पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे, अख्खं मित्रमंडळ. कुणी ‘भावी’. आमच्याकडे भावी नगरसेवकांची संख्या मतदारांच्या संख्येला टेकली आहे. कारणं कुठलीही चालतात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, निवड होता होता राहिली म्हणून ‘जनतेच्या मनातले’. उपजत मुलापासून बारावीच्या मार्कांपर्यंत. शर्यतीत घाट मारलेल्या बैलाचाही फ्लेक्स लागतो, आणि तो खरं तर सगळ्यांत देखणा असतो. मोजदाद मी केलेली नाही, पण आमच्या चौकात बायकांपेक्षा बैल जास्त वेळा लागले असावेत.

बाई फ्लेक्सवर येते दोन वेळा. भावपूर्ण श्रद्धांजलीला आणि राखीव जागेला.

राज्यात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. त्यामुळे फोटो घ्यावाच लागतो. तो असा घेतात. आधारकार्डावरचा उचलायचा, डोक्यावर पदर संगणकावर ओढायचा, शेजारी पतिराज उभे करायचे, तिच्या सव्वापट. नाव ‘सौ.’ने सुरू होतं आणि कंसातल्या टोपणनावाने संपतं, ते टोपणनाव नवऱ्याचं, कारण ओळख त्याची. निवडून ती येते. उघड्या जीपवर गुलाल त्याला लागतो. सभेला ती जाते तेव्हा लोक विचारतात, "साहेब न्हाई आलं?" आणि हे सगळं कापडावर छापून चार दोऱ्यांनी चौकात ताणलेलं, पावसात भिजतंय, वाऱ्यात फाटतंय, महिना महिना कुणी काढत नाही. त्याला प्रति चेहरा किती खर्च आला, हा भागाकार कट्ट्यावर झालेला मी ऐकलेला नाही. बायकांचे फोटो निदान चोवीस तासांनी आपोआप उतरतात.

घरचा अल्बम काढा. चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला. महाबळेश्वरची सहल. बाबा घोड्यावर. पोरं घोड्यावर. बाबा आणि पोरं स्ट्रॉबेरी खाताना. काका, त्यांच्या हातात कॅसेटचा टेप. आई? नीट बघा, उजव्या कडेला, तो कोपर आहे आणि पाण्याची बाटली धरली आहे, ती. रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे आणि त्यातले एखाद-दोन आईच्या वाट्याला. एकात डोळे मिटलेले. लग्नाच्या अल्बममध्ये मात्र ती पानोपानी आहे, कारण त्या एका दिवशी तिला दुसरं काही काम नव्हतं.

आणि त्याच्याही आधी तालुक्याच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा असायचा. आठवतो? नारळाची झाडं, निळं पाणी, लांब एक होडी, मावळता सूर्य. पुढे खुर्चीत नवरा, मागे उभी बायको, हात खुर्चीच्या पाठीवर. पडदा रंगवणाऱ्याने समुद्र पाहिलेला असेलच असं नाही. आमच्या आज्या त्या बेटावर पाच मिनिटं जाऊन आल्या, नवऱ्याबरोबर, आणि हलायची परवानगी नव्हती. कुणाला हे फार वाटत असेल तर हैदराबादचं उदाहरण आहे. राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये तिथे बायकांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ काढला. आत पुरुष नाही, कॅमेऱ्यामागेही इंग्रज बाई. बायकांनी बायकांचे फोटो बायकांतच काढायचे, ही सोय तेव्हा सरदार-जहागीरदारांच्या घरच्यांना होती. जळोचीला ती हप्त्यावरच्या मोबाइलने दिली.

म्हणून त्या फोटोंत सगळं बरं आहे असंही नाही. एकूण एक व्हिडिओत बाई पाठमोरी चालत जाते, मग मान वळवून बघते, मग ओढणी उडते. ओढणी उडत नसेल तर दुसरी बाई चौकटीबाहेर बसून ती उडवते. नाश्त्याच्या इडलीचा फोटो. विमानाच्या पंखाचा फोटो, आणि प्रत्येकीच्या खिडकीतून तोच पंख. प्रवाळ बघायला काचेच्या तळाच्या होडीत बसवलं, तर निम्म्या जणींनी काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब काढलं. हे सगळं मान्य. पण ‘डोळ्यांनी बघा, मोबाइलने कशाला’ हा उपदेश जे करतात, ते मुलाच्या लग्नात ड्रोन लावतात.

भिशीत फोटो चांगले काढणारी एकच. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. वर्गाची ओळ कशी सरळ करायची ते त्यांना आयुष्यभर येत होतं, तेच तिथे कामाला आलं. आणि म्हणूनच त्या एकाही चांगल्या फोटोत नाहीत. परत आल्यावर हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि भिशीत ठराव झाला की येत्या वर्षी चिठ्ठी न टाकता पहिली उचल बाईंची. बाई म्हणाल्या, उचल राहू द्या, माझा एक चांगला फोटो काढा. मग सगळ्यांनी काढले. गच्चीवर, संध्याकाळच्या उजेडात, ओळीने मोबाइल धरून. सगळ्यांत कुणाचं तरी बोट आलंय.

इकडे कट्टा अस्वस्थ होता. आण्णांनी जाहीर केलं, आपणही जायचं. मात्र सहल नव्हे; अभ्यास दौरा. बारामतीचा माणूस अभ्यास दौऱ्यावर निघतो ही तशी बातमीच. उभा महाराष्ट्र अभ्यास दौऱ्याला बारामतीत येतो, कृषी विज्ञान केंद्र बघतो, जानेवारीत ‘कृषिक’ प्रदर्शनाला गर्दी करतो. आमच्या मंडळींना अभ्यासाला जागा शोधावी लागली. बरीच चर्चा होऊन गोवा निघालं. जुन्या गोव्यात किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था खरोखरच आहे. तिचं नाव घरी सांगण्यापुरतं सगळ्यांनी पाठ केलं.

दौऱ्याचा फोटो आला. एक. फाटकाबाहेर, बॅनर धरून, सगळे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, तोंडं गंभीर. सकाळी दहाची वेळ. त्यानंतर मंडळी परत येईपर्यंत कुणाचंही स्टेटस हललं नाही. ‘फोटोबिटो काढायचे न्हाईत, आपण काय बायका हाय का,’ असं निघतानाच ठरलं होतं म्हणे.

परवा आण्णा दुधाच्या डेअरीपाशी भेटले. डोळे अजून तांबडे होते. निवृत्त बाई तिथेच कॅन घेऊन उभ्या होत्या.

"काय आण्णा, काजू कसा होता गोव्याचा?"

"एक नंबर," आण्णा म्हणाले. आणि मग घाईघाईने, "लागवड, लागवड."